फेमिनिते द्यु ब्वा: लाकडाच्या सुगंधाची पहिली बाटली घेण्याआधी

आमच्या घरामागे एका सुताराचा कारखाना होता. दुपारी रंधा सुरू झाला की लाकडाच्या सालपटांचा वास खिडकीतून घरात यायचा. कोरडा, उबदार, आणि खोल श्वास घेतला तर किंचित गोडसर. पहिल्या पगारातून परफ्यूम घ्यायला गेले तेव्हा मला तो वास हवा होता. काउंटरवरच्या मुलीने गुलाबाची, पीचची आणि व्हॅनिलाची अशा तीन बाटल्या पुढे केल्या. "लाकडाचं काही आहे का?" असं विचारलं तर म्हणाली, "मॅम, वुडी जेन्ट्समध्ये येतं," आणि समोरच्या कपाटाकडे बोट दाखवलं.

बायकांसाठी मुद्दाम बनवलेलं सीडरच्या, म्हणजे आपल्या देवदाराच्या भावंडाच्या, लाकडाचं परफ्यूम १९९२पासून मिळतं, हे मला पुढे बऱ्याच वर्षांनी कळलं. कळल्यावरही ते नीट घ्यायला दोन चुका झाल्या आणि बरेच पैसे गेले. पहिल्यांदा पाच मिनिटं हुंगून अख्खी बाटली घेतली आणि भर मे महिन्यात चार फवारे मारून लोकलमध्ये चढले. दुसऱ्यांदा जुन्या बाटलीच्या नादाला लागून एका अनोळखी विक्रेत्याकडून बिघडलेला माल उचलला. तुमच्यावर ती वेळ येऊ नये म्हणून हे क्रमवार लिहिते आहे. उदाहरण एकाच परफ्यूमचं, फेमिनिते द्यु ब्वाचं, घेतलं आहे, कारण ते मी वर्षानुवर्षं लावते आहे. पायऱ्या मात्र कुठल्याही लाकडी सुगंधाला लागू पडतील.

१. आधी ते काय आहे हे समजून घ्या

फेमिनिते द्यु ब्वा म्हणजे 'लाकडाचं स्त्रीत्व'. शिसेइदो या जपानी कंपनीने ते १९९२ साली बाजारात आणलं. कल्पना सर्ज ल्युताँस यांची. ते मूळचे फ्रान्समधल्या लीलचे, फोटोग्राफी आणि मेकअप यांत नाव कमावलेले, आणि १९८०पासून शिसेइदोबरोबर काम करणारे. मोरोक्कोतल्या माराकेशने त्यांना लळा लावला होता. तिथल्या सुतारकामात वापरला जाणारा अ‍ॅटलास सीडर त्यांना परफ्यूममध्ये आणायचा होता, तोही बाईच्या अंगावर शोभेल असा. प्रत्यक्ष मिश्रण प्येर बुर्दों आणि क्रिस्तोफर शेल्ड्रेक या दोघांनी बांधलं.

त्याआधी बायकांच्या परफ्यूममध्ये लाकूड नव्हतं असं नाही. शनेलचं ब्वा देझिल १९२६चं, गेर्लँचं साम्सारा १९८९चं, आणि दोन्हींत चंदन भरपूर. पण चंदन मुळात मऊ, दुधाळ, फुलांशी लगेच जमवून घेणारं. सीडर तसा नाही. तो कोरडा आणि काटक, म्हणून आफ्टरशेव्हच्या गोतावळ्यात जाऊन बसला होता. बुर्दों आणि शेल्ड्रेक यांनी सीडरच्या भोवती आलुबुखार, व्हायोलेट, गुलाब, दालचिनी, लवंग आणि मधमाशांच्या मेणाचा वास रचला, आणि इतकं करूनही त्याला झाकू दिलं नाही. फुलांना आधार म्हणून तळाशी थोडं लाकूड घालायचं ही नेहमीची रीत. इथे फळं आणि फुलं लाकडाच्या दिमतीला आहेत.

आणखी एक नाव ऐकून ठेवा: आयसो ई सुपर. प्रयोगशाळेत तयार होणारा हा घटक १९७३पासून ठाऊक आहे. वास मखमली, सीडरच्या जवळ जाणारा. फेमिनिते द्यु ब्वामध्ये तो सढळ हाताने वापरला आहे. सीडरची कोरडी धार त्याने बोथट होते आणि सुगंध अंगाभोवती एका पातळ ओढणीसारखा राहतो. हे मुद्दाम सांगते आहे, कारण पाचव्या पायरीत या घटकामुळे एक गोंधळ होतो.

२. नाक तयार करा, आणि त्यासाठी परफ्यूमच्या दुकानात जाऊ नका

ही पायरी बहुतेक जणी गाळतात. मला विचाराल तर सगळ्यांत उपयोगी हीच, आणि खर्च जवळजवळ नाही.

दिवाळीच्या उटण्याचा वास तुम्हाला आवडतो का? अभ्यंगस्नानाच्या पहाटे वाटीत उटणं कालवताना जो गार, मातकट, थोडा तुरट वास येतो तो? त्यात वाळा असतो, नागरमोथा असतो, चंदन असतं. परफ्यूमवाल्यांच्या भाषेत हे सगळं 'वुडी' या खात्यात येतं. वाळा आणि नागरमोथा ही खरं तर गवतवर्गीय झाडांची मुळं, पण वासाच्या हिशेबात त्यांची पंगत लाकडांबरोबर. तेव्हा 'मला वुडी झेपेल का' ही शंका असेल तर ती आधी मनातून काढा. हा वास आपल्या घरात पिढ्यान्‌पिढ्या आहे.

जवळच्या काष्ठौषधींच्या दुकानातून देवदाराचा तुकडा, वाळा आणि नागरमोथा थोडा थोडा आणा. घरात सहाण आणि चंदनाचं खोड असेल तर चार थेंब पाण्यात उगाळा. स्वयंपाकघरातून लवंग आणि दालचिनी घ्या, किराणा दुकानातून मूठभर सुका आलुबुखार. सगळं वेगवेगळ्या वाट्यांत ठेवा आणि एकेक हुंगून वहीत दोन-दोन शब्द लिहा. 'छान' हा शब्द चालणार नाही. कोरडा की ओला? गार की ऊबदार? वर चढणारा की खाली बसणारा? मी देवदारापुढे 'कोरडं, कापराच्या भावकीतलं' असं लिहिलं होतं आणि चंदनापुढे 'साय'.

देवदार मुद्दाम सांगितला. हिमालयातला देवदार आणि मोरोक्कोतला अ‍ॅटलास सीडर एकाच कुळातले, सख्खे भाऊच. दोघांच्या तेलात हिमाचलीन नावाचे घटक असतात, आणि त्या नावात हिमालय आहे. बाटलीवर जर 'व्हर्जिनिया सीडर' लिहिलेलं असेल तर ते झाड वेगळं, जुनिपरच्या कुळातलं. त्याचा वास टोकदार, नुकत्याच तासलेल्या पेन्सिलीसारखा. एकाच 'सीडर' शब्दाखाली दोन वेगळे वास विकले जातात, त्यामुळे एक आवडला नाही म्हणून दुसऱ्यावर फुली मारू नका.

व्हायोलेटसाठी मात्र आपल्याकडे वाटीत ठेवण्यासारखं काही नाही. जुन्या लिपस्टिकचा किंवा फेस पावडरच्या डबीचा वास आठवा, त्याच्या आसपासचं ते आहे.

३. जवळ काय काय हवं

- वासाच्या नोंदींसाठी छोटी वही. मोबाइलवरही चालेल, पण तारीख, वेळ आणि त्या दिवशीचं हवामान लिहायला विसरू नका.
- कागदी पट्ट्या, म्हणजे ब्लॉटर. दुकानात मागितल्या की देतात. नाहीतर जाड, कोऱ्या ड्रॉइंग पेपरच्या पट्ट्या कापा.
- २ मिलिचं सॅम्पल, तेही फवाऱ्याच्या कुपीत. काडीने लावायच्या कुपीतून प्रमाणाचा अंदाज येत नाही.
- बिनवासाचं मॉइश्चरायझर किंवा साधं पेट्रोलियम जेली.
- परदेशातून मागवणार असाल तर ओळखपत्र (केवायसीसाठी आधार किंवा पॅन), खरेदीचं बिल आणि ऑर्डरचा छापील कागद.
- एक प्रामाणिक माणूस. बहीण, मैत्रीण, नवरा, कुणीही, जो 'छान आहे गं' म्हणून विषय संपवणार नाही.

४. बाटली नाही, आधी सॅम्पल

न हुंगता घेण्याला परफ्यूमची आवड असणारे 'ब्लाइंड बाय' म्हणतात. फुलांच्या हलक्याफुलक्या परफ्यूममध्ये ते एखाद्या वेळी निभावतं. लाकडी सुगंधात निभावत नाही, कारण लाकडाचे घटक जड असतात. ते हळू उडतात आणि त्यांचा खरा रंग तासा-दोन तासांनी दिसतो. दुकानात उभ्या उभ्या तुम्ही हुंगता ते मुख्यतः वरचं: मसाला, फळ, संत्र्याची झुळूक. घरी येऊन रात्री जे अंगावर उरतं तेच पुढे वर्षभर सांभाळायचं असतं.

सॅम्पल मिळवायचे मार्ग दोन. मोठ्या शहरांतल्या महागड्या परफ्यूमच्या दुकानात टेस्टर असला तर एक फवारा मनगटावर घ्या आणि काहीही न घेता बाहेर पडा. कुणी आग्रह केला तर 'संध्याकाळपर्यंत बघते' इतकं म्हणणं पुरे. दुसरा मार्ग डिकँटचा: मूळ बाटलीतून २, ३ किंवा ५ मिलि काढून विकणारे लोक असतात. त्यांच्याकडून घेताना मूळ बाटलीचा फोटो, तळाचा बॅच नंबर, आणि परफ्यूम कोणत्या प्रकारचं आहे हे विचारा. हे न विचारता घेतलं आणि वास वेगळा निघाला, तर दोष परफ्यूमचा की विकणाऱ्याचा हे कधीच कळत नाही.

थोडा हिशेब करू. एका फवाऱ्यात साधारण ०.१ मिलि जातं. म्हणजे २ मिलिच्या कुपीत वीसेक फवारे, आठवडाभराच्या चाचणीला भरपूर. ५० मिलिच्या बाटलीत सुमारे ५०० फवारे. आठवड्यातून तीन दिवस दोन-दोन फवारे मारले तरी ती दीड वर्षाहून जास्त पुरते. न आवडणारा वास दीड वर्ष कपाटात बघत बसण्यापेक्षा आठवडाभर थांबणं सोपं आहे.

५. आठवडाभर अंगावर घेऊन बघा

पहिला दिवस फक्त कागदाचा. पट्टीवर एक फवारा मारा, दोन मिनिटं हवेत धरा, मग हुंगा. त्यानंतर पंधरा मिनिटांनी, तासाने, जेवणानंतर आणि झोपताना. पट्टी वहीच्या पानात ठेवून द्या आणि सकाळी पान उघडा. माझ्या वहीचं ते पान चौथ्या दिवशीही सीडरचा वास देत होतं, आणि फळाचा मागमूस नव्हता. परफ्यूमच्या पायाशी काय आहे ते कागदाने तेव्हा दाखवलं.

दुसऱ्या दिवसापासून अंग. आंघोळीनंतर, बिनवासाचा साबण वापरून, कोपराच्या आतल्या बाजूला एकच फवारा मारा. मनगटापेक्षा ही जागा बरी, कारण हात धुताना तिथे पाणी लागत नाही. मनगटं एकमेकांवर घासायची सवय असेल तर ती सोडा. घासल्याने कातडी तापते आणि वरचे हलके घटक भुर्रकन उडून जातात. एकाच दिवशी तीन-चार परफ्यूम लावू नका, दोन हातांवर दोन हीच मर्यादा.

फेमिनिते द्यु ब्वा माझ्या अंगावर कसं चालतं ते वेळेनुसार सांगते, म्हणजे तुमच्या नोंदींशी ताडता येईल.

सकाळी सातला फवारा मारला की आधी दालचिनी आणि लवंग, पाठोपाठ आलुबुखाराचा दाट, आंबटगोड वास. या पहिल्या दहा मिनिटांत ते मुरांब्याच्या बरणीसारखं वाटतं. पुष्कळ जणी इथेच 'फार गोड आहे' म्हणून सोडतात, आणि तितक्याच जणी इथेच भुलून बाटली घेतात. दोन्ही घाई. साडेसातच्या सुमारास मसाला मागे सरतो आणि व्हायोलेटची पावडर दिसू लागते. सीडर सुरुवातीपासून आत असतोच, पण नऊच्या पुढे तो मोकळा होतो: कोरडा, गुळगुळीत, पॉलिश न केलेल्या फळीवरून हात फिरवल्यासारखा. दुपारी दोन वाजता मेणाची आणि थोडी चंदनाची ऊब राहते. संध्याकाळी घरी परतल्यावर ब्लाउजच्या बाहीला नाक लावलं तर कुणीतरी नुकतंच लाकडी कपाट उघडलं असावं इतकंच येतं. मी हे परफ्यूम त्या संध्याकाळच्या वासासाठी घेते.

आता तो गोंधळ. दुसऱ्या-तिसऱ्या तासाला अनेकींना वाटतं की वास गेला. लगेच आणखी दोन फवारे मारले जातात, आणि शेजारी बसलेली सहकारी खिडकी उघडते. वास गेलेला नसतो. व्हायोलेटचा वास ज्यांपासून येतो ते आयोनोन नाकाला थोडा वेळ बधिर करतात, म्हणून तो वास लपंडाव खेळल्यासारखा येतो-जातो. आयसो ई सुपरची गत वेगळी: तो काहींना ठळक जाणवतो, काहींना फार पुसट, आणि थोड्यांना जवळजवळ नाहीच. म्हणून तिसऱ्या पायरीच्या यादीतला तो प्रामाणिक माणूस. दुपारी त्याला जवळ बोलावून विचारा: येतोय का, किती लांबून येतोय, कसा येतोय. त्याच्या उत्तरावर फवाऱ्यांची संख्या ठरवा, स्वतःच्या नाकावर नको.

दुकानात नाक थकलं तर कॉफीच्या बियांची वाटी पुढे करतात. त्यापेक्षा स्वतःच्या बिनपरफ्यूमच्या बाहीचा वास घ्या किंवा दोन मिनिटं दाराबाहेर उभ्या राहा.

सातपैकी निदान एक दिवस कडक उन्हाचा आणि एक एसीतला असू द्या. मुंबईच्या दमट उकाड्यात आलुबुखार आणि मसाला फुगतात, अंगाशी चिकटतात. पुण्याच्या डिसेंबरातल्या सकाळी तोच सुगंध कोरडा आणि सुरेख बसतो. न्यू जर्सी किंवा लंडनच्या थंडीत राहणाऱ्यांना तर तो कोटाच्या आत दिवसभर पुरेल. कुणाची तारीफ वाचताना ती कुठल्या हवेत बसून लिहिली आहे हे आधी पाहा.

त्वचा कोरडी असेल तर परफ्यूम लवकर ओसरतं. फवाऱ्याआधी त्या जागी मॉइश्चरायझरचं बोट फिरवा. खोबरेल तेल नको, त्याला स्वतःचा वास आहे आणि तो सीडरशी भांडतो.

एक सूचना तब्येतीची. या परफ्यूममध्ये मसाल्याचे घटक आहेत, आणि लवंगेतलं युजेनॉल किंवा दालचिनीतलं सिनामल यांनी काहींना पुरळ उठतं. खोक्यावर घटकांची यादी छापलेली असते, ती वाचा. त्वचा नाजूक असेल तर चोवीस तास एका छोट्या जागेवरच ठेवून बघा.

६. कोणती बाटली: जुनी, नवी, नकली

इथे मी स्वतः ठेच खाल्ली आहे.

फेमिनिते द्यु ब्वा पहिल्यांदा शिसेइदोच्या नावाने निघालं. २००९पासून ते सर्ज ल्युताँसच्या नावाने, त्यांच्या साध्या आयताकृती बाटलीत मिळतं. जुन्या-जाणत्यांचं म्हणणं असं की जुनं जास्त गडद होतं. मी दोन्ही हुंगली आहेत आणि मलाही तसंच वाटतं. नवं हलकं आणि उजळ आहे, पण सीडर आणि आलुबुखाराची जोडी तीच आहे. पहिली बाटली घेणारीने नवीच घ्यावी, असं माझं स्पष्ट मत.

कारण जुन्या बाटलीचा इतिहास तुम्हाला माहीत नसतो. माझ्या वाट्याला आलेली बाटली फोटोत देखणी होती. उघडल्यावर पहिला वास नेलपॉलिशसारखा, मागून आंबट. कुठल्या तरी खिडकीत ती वर्षानुवर्षं उन्हात राहिली असणार. विक्रेत्याने 'जुन्या परफ्यूमचा वास असाच असतो' असं कळवलं आणि पुढे उत्तर देणं थांबवलं. जुनी बाटली घ्यायचीच झाली तर दिवसाउजेडी काढलेला द्रवाचा फोटो मागा, आधी १ मिलि मागवा, आणि पैसे परत मिळण्याची सोय असेल तिथूनच घ्या.

नकली माल ओळखण्यासाठी:

- खोक्यावरचा आणि बाटलीच्या तळाचा बॅच नंबर जुळला पाहिजे.
- भारतात रीतसर आयात झालेल्या खोक्यावर आयातदाराचं नाव-पत्ता, एमआरपी आणि नोंदणी क्रमांक असलेलं लेबल असतं.
- 'टेस्टर आहे, म्हणून खोकं नाही आणि किंमत निम्मी' असं सांगणाऱ्याकडून घेऊ नका. खरे टेस्टर असतात, पण पहिल्या खरेदीत खरं-खोटं ओळखता येत नाही.
- 'इन्स्पायर्ड बाय' लिहिलेली बाटली नकली नसते, ती वेगळी वस्तू असते. आवडली तर त्या किमतीला जरूर घ्या, पण तिच्यावरून मूळ परफ्यूमबद्दल मत बनवू नका.

७. परदेशातून आणवताना

भाऊ अमेरिकेत आहे, मावशीची मुलगी पॅरिसला चालली आहे, असं कुणीतरी असतंच. आणणाऱ्याला आधी सांगा: हातातल्या बॅगेत १०० मिलिपेक्षा मोठी बाटली सुरक्षा तपासणीत अडते. चेक-इन सामानात चालते, पण बाटली ५०० मिलिपेक्षा मोठी नको आणि अशा सगळ्या वस्तू मिळून २ लिटरच्या आत हव्यात. ड्युटी फ्रीतून घेतली तर सीलबंद पिशवी घरी पोहोचेपर्यंत उघडू नये, विशेषतः मध्ये विमान बदलायचं असेल तर.

साध्या टपालाने परफ्यूम मागवू नका. त्यात अल्कोहोल असतं, हवाई वाहतुकीत ते ज्वालाग्राही मालात मोडतं आणि पार्सल वाटेत थांबतं. कुरिअर कंपनी असा माल घेते का हे आधी लेखी विचारा. कस्टम्स ड्युटी लागणार हे धरूनच किमतीची तुलना करा. पार्सलवर 'गिफ्ट' लिहिलं की ड्युटी वाचते हा समज मनातून काढा.

पॅरिसला जाणारीला मात्र सांगा की पाले-रॉयालच्या बागेच्या कडेने, गालेरी द व्हाल्वाच्या कमानींखाली ल्युताँस यांचं दुकान आहे. तेही १९९२चंच. फेमिनिते द्यु ब्वाची बहीण शोभतील अशी परफ्यूम त्याच सुमारास तिथे आली, त्यातलं ब्वा द व्हियोलेत तर तोच सीडर, फक्त व्हायोलेट पुढे आणलेला. वेळ असेल तर दोन्ही दोन हातांवर लावून त्या बागेत तासभर बसावं आणि मगच परत आत जावं.

८. लावायचं कसं

उन्हाळ्यात एक फवारा, थंडीत दोन. तिसरा मी लग्नाच्या रिसेप्शनलाच मारते. मानेच्या मागे, केसांच्या रेषेखाली लावलं तर आपल्या नाकावर सतत आदळत नाही आणि चालताना मागे हलकासा दरवळ राहतो. लोकल, बस, दवाखाना, आजारी माणसाला भेटायला जाणं, या वेळी लावूच नका. कुणाला मायग्रेन असेल तर लवंग-दालचिनी त्यांना सोसेलच असं नाही.

साडी नेसायची असेल तर परफ्यूम आधी, साडी नंतर. रेशमावर डाग पडतो, आणि पैठणीच्या जरीवर अल्कोहोल उडवणं मला तरी बघवत नाही. फवारा मारून पाच मिनिटं थांबा, कातडी कोरडी होऊ द्या. मोती तर सगळ्यांत शेवटी. नथ, तन्मणी, मोत्याच्या कुड्या यांना परफ्यूम लागलं तर मोत्याची झळाळी उतरते. मोती घालून झाल्यावर फवारा आठवला तर त्या दिवशी राहू द्या.

गजऱ्याचं विचारतात बऱ्याच जणी. मोगरा आणि हा सीडर एकत्र छान जमतात, पण मोगरा स्वतःच जोरदार, म्हणून परफ्यूम एकच फवारा आणि तोही खाली, पोटरीला किंवा गुडघ्यामागे. डोक्याला वासाचं तेल लावलेलं असेल तर मात्र परफ्यूमला त्या दिवशी सुट्टी द्या.

९. बाटली कुठे ठेवायची

बाथरूममध्ये नको, खिडकीत नको, ड्रेसिंग टेबलावर दिव्याखालीही नको. ऊन, उष्णता आणि रोजचा गार-गरम बदल याने परफ्यूम बिघडतं. मूळ खोक्यातच ठेवा आणि खोकं कपाटाच्या खालच्या कप्प्यात, जिथे गार असतं. कोकणात किंवा गोव्यात पावसाळ्यात खोक्याला बुरशी धरते, तेव्हा खोकं झिपच्या पिशवीत ठेवा. त्याच कप्प्यात डांबराच्या गोळ्या असतील तर त्या दुसरीकडे हलवा, नाहीतर खोक्याला आणि मग तुमच्या नाकाला तोच वास येत राहील. बाटली उघडल्याची तारीख खोक्याच्या आत पेन्सिलीने लिहा.

१०. आठवड्यानंतरही नाही जमलं तर

मग हे परफ्यूम तुमचं नाही, आणि २ मिलिच्या किमतीत ते कळलं हे चांगलं झालं. वहीत काय खटकलं ते पाहा आणि त्याप्रमाणे पुढे सरका.

फळ-मसाला गोड वाटला, पण लाकूड आवडलं: दिप्तिकचं ताम दाओ (२००३) बघा, चंदन आणि सीडर, फारसा साजशृंगार नाही. सीडर फार कोरडा वाटला: ब्वा देझिल किंवा साम्सारा, दोन्ही चंदनाच्या अंगाने जाणारी. जोडी आवडली पण आणखी उजेड हवा: दिओरचं दोल्चे व्हिता, त्यातही बुर्दों यांचा हात आहे आणि नातं लगेच ओळखू येतं.

आणि वाळ्याचा वास तुम्हाला सगळ्यांत जवळचा वाटला असेल तर फ्रान्सपर्यंत जायची गरजच नाही. कनौजला तांब्याच्या डेगेत वाळ्याच्या मुळांतून काढतात त्या अत्तराला रूह खस म्हणतात. रंग हिरवट, वास ओल्या मातीचा आणि लाकडाचा एकत्र. मुंबईत मोहम्मद अली रोडवरच्या अत्तरवाल्यांकडे फाया लावून बघायला मिळतो. अत्तरात अल्कोहोल नसतं, त्यामुळे ते लांब पसरत नाही, अंगालगत राहतं. कानामागे काडीचं टोक टेकवलं तरी पुरतं. चंदनाच्या अत्तराबाबत मात्र जपून. झाड चांगलं पंधरा-वीस वर्षांचं झाल्याखेरीज गाभ्यात पुरेसं तेल येत नाही, त्यामुळे अस्सल चंदनतेल स्वस्त असूच शकत नाही. थोडक्या रुपयांत कुणी 'प्युअर चंदन' देत असेल तर ते कृत्रिम आहे हे समजून, वास आवडला तरच, त्या किमतीला घ्या.

सॅम्पलच्या कुपीत काही उरलं असेल तर टाकू नका. माझ्या नणंदेला मी असंच उरलेलं दिलं होतं. तिच्या अंगावर आलुबुखार जवळजवळ दिसलाच नाही, दुसऱ्या मिनिटापासून नुसता सीडर. तिने पुढच्या महिन्यात बाटली घेतली.